आष्टें येथील एक मापसंग्रह व त्याची सूची : कालनिर्णयाचें परीक्षण

वाळवें तालुक्यांतील आष्टें गांवीं आमच्या एका स्नेह्यांनीं गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जुनीं वजनें, मापें व मोजणीचीं साधनें यांचा बराच मोठा संग्रह केला आहे. कृष्णाकांठच्या खेड्यांतून हिंडून, भंगारवाल्याच्या ढिगांतून, कित्येकदां तांबटाच्या भट्टीच्या अगदीं तोंडाशीं जाऊन त्यांनीं हे जिन्नस वांचविले. २०१९ च्या महापुरानंतर घरें उपसतांना जें पितळ बाहेर पडलें, त्यांतील कांहीं त्यांच्या दृष्टीस पडलें म्हणूनच आज शिल्लक आहे. ही कामगिरी मोठी आहे, आणि पुढें आम्ही जें लिहिणार आहों त्यानें तिला उणेपणा येत नाहीं.

त्यांनीं संग्रहाची एक सूची केली असून ती अभिप्रायार्थ आमच्याकडे पाठविली. सूचींत एकवीस जिन्नस आहेत. त्यांपैकीं अकरांच्या पुढें 'शिवकालीन' असा शब्द आहे. संग्रह लवकरच एका सार्वजनिक संस्थेच्या हवालीं व्हावयाचा आहे. एकदां काचेआड चिठ्ठी लागली म्हणजे ती पुढें पन्नास वर्षें कोणी काढीत नाहीं, आणि तेथून ती पुस्तकांत शिरते. म्हणून आम्ही दोन दिवस त्यांचे घरीं राहून प्रत्येक जिन्नस हातांत घेऊन पाहिला, व त्याचें फलित येथें देत आहों.

सूचींतील पहिला जिन्नस पितळेचा शेर. त्याच्या काठाखालीं चार मोडी आंकडे कोरलेले आहेत. सूचीकारांनीं ते १०४५ असे वाचले, हा आंकडा सुहूर सनाचा धरिला, आणि ५९९ मिळवून इसवी सन १६४४-४५ हें वर्ष काढलें. संग्रहाचें भूषण म्हणून हें माप त्यांनीं मखमलीवर ठेविलें आहे. आमचा आक्षेप तिहेरी आहे. सुहूर सन कागदोपत्रीं अरबी संख्याशब्दांनीं लिहिण्याची चाल होती, हें मोडी कागद चाळणाऱ्या कोणासही सांगावयास नको. १०४५ हें वर्ष 'खमस अर्बैन व अलफ' असें लिहिलें गेलें असतें. नुसत्या आंकड्यांत सन घालावयाचा तर तो बहुधा फसली असावयाचा. पण दक्षिणेंतील फसली सन शहाजहानानें इ. स. १६३६ मध्यें सुरू केला, तेव्हां हिजरी १०४६ चालू होतें व फसलीची गणना त्याच आंकड्यापासून पुढें चालली. अर्थात् फसली १०४५ हें वर्ष दक्षिणेंत कधीं उगवलेंच नाहीं! तिसरी गोष्ट डोळ्यांनीं पाहण्याची. माप खिडकीशीं नेऊन आंकड्यांवर तिरपा उजेड पाडला असतां दुसऱ्या आंकड्याचें वर्तुळ खालीं मिटत नाहीं, त्यास झिजलेली शेपटी आहे. शून्यास शेपटी नसते. तो आंकडा २ आहे, आणि समग्र वाचन १२४५ असें होतें.

१२४५ हा शालिवाहन शक धरल्यास इ. स. १३२३ येईल, तें कोणी धरणार नाहीं. हिजरी धरल्यास १८२९-३०, फसली धरल्यास १८३५-३६. व्यापार व महसूल यांच्या व्यवहारांतील वस्तु म्हणून आम्ही फसलीकडे झुकतों. दोहोंपैकीं कोणतेंही घेतलें तरी पेशवाई बुडून दहा वर्षें उलटलेलीं होतीं व साताऱ्यास प्रतापसिंह महाराज गादीवर होते. भांड्याची घडणही याच्याशीं जुळते. पत्रा सर्वत्र सारख्या जाडीचा आहे. तांबटानें गोळ्यापासून ठोकून वाढविलेल्या पत्र्याची जाडी बोटाखालीं कमीजास्त लागते व आंतून हातोड्याचे ठसे दिसतात. येथें तसें कांहींच नाहीं. लाटून काढलेला विलायती पत्रा आमच्याकडील तांबटांच्या हातीं आला तो एकोणिसाव्या शतकांत.

मापाच्या काठावर आणखी तीन बारीक ठसे आहेत. सूचींत यांचा उल्लेख नाहीं, आणि आमच्या मतें सर्व संग्रहांत यांहून मोलाची खूण नाहीं. मराठी अमदानींत वजनेंमापें दरसाल तपासून त्यांवर छाप मारीत व त्याबद्दल पट्टी घेत. तिला बटछपाई म्हणत. ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दर चार महिन्यांनीं मापें तपासून खूण करावी, बिनखुणेचें माप वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड करावा, असें सांगितलें आहे; मनूनें आठव्या अध्यायांत ही मुदत सहा महिन्यांची धरली आहे. यांतून कालनिर्णयासाठीं घ्यावयाचें तें हें कीं, छाप ही तपासणीची तारीख असते, घडणीची नव्हे. माप त्याहून जुनें असूं शकतें, आणि एकाच मापावर दोन राजवटींचे छाप असूं शकतात.

ग्रंथांचेंही असेंच आहे. भास्कराचार्यांची लीलावती इ. स. ११५० ची, पण तिच्या कित्येक पोथ्यांत व छापील आवृत्तींत परिभाषेच्या श्लोकांमध्यें आलमगीर शहानें ठरविलेल्या चाळीस शेरी मणाचा एक श्लोक येतो. औरंगजेब गादीवर आला १६५८ त. तो श्लोक मागाहून कोणा व्यवहारी पंडितानें घातला, हें उघड आहे. कोणी म्हणेल कीं लीलावतींत आलमगीर आहे, तेव्हां लीलावती सतराव्या शतकांतील. किंवा लीलावती बाराव्या शतकांतील, तेव्हां आलमगिरी मण बाराव्या शतकांत होता. दोन्ही अनुमानें हास्यास्पद आहेत, परंतु मापांच्या बाबतींत नेमकीं अशींच अनुमानें आपण रोज करीत असतों.

येथें आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. शाळेंत असतांना एका प्रदर्शनासाठीं गांवांतून मागून आणलेल्या पितळी वजनांचा संच आम्हीं मुलांकडून चिंच व राख लावून लखलखीत करविला. त्यांपैकीं पावशेरावर कांहीं अक्षरें होतीं, हें आम्हांस त्याच्या मालकानें वजन परत घेतांना सांगितलें. आमचे स्नेहीही संग्रह हवालीं करण्यापूर्वीं सर्व पितळ उजळून घेणार होते. तें त्यांनीं थांबविलें आहे.

आतां मुख्य मुद्दा. सूचीकारांनीं या पहिल्या शेरांत तांदूळ भरून तोलला, आलेलें वजन 'शिवकालीन शेर' म्हणून नोंदलें, आणि त्यावरून आपल्याजवळच्या सतराव्या शतकाच्या अखेरच्या एका मोडी कागदांतील 'कैली' धान्याचे आंकडे किलोग्रॅममध्यें फिरवून गांवच्या उत्पन्नाविषयीं एक सिद्धांत बसविला. हा सिद्धांत पुढेंमागें छापला जाईल, म्हणून त्याची तपासणी जरा कसून केली पाहिजे.

कैली म्हणजे भरून मोजलेलें, तोललेलें नव्हे. कैली खंडीचें वजन काय, हा प्रश्न धान्याचें नांव घेतल्याशिवाय विचारतां येत नाहीं. सदर कागदांत जोंधळा आहे व मापांत भरला आहे तांदूळ. एवढ्यानेंच हिशेब ढळतो. त्यांतही माप शिगोशीग भरावयाचें कीं काठाबरोबर पुसावयाचें? शीग हा शब्द शिखेपासून आला, आणि शिखेचा विचार कौटिल्यानेंही केला आहे : माप कोरड्या, टणक लांकडाचें असावें, त्याची शिखा चौथाई असावी, नाहींतर शिखा पोटांतच धरून माप करावें. शिगेचें प्रमाण मापाच्या पोटावर नसून तोंडावर अवलंबून असतें. धान्याचा ढीग एका ठराविक उतारानेंच उभा राहतो. म्हणून तोंड आठ अंगुळांचें दहा अंगुळें झालें कीं शीग जवळजवळ दुप्पट होते. पोट तेंच, काठ तोच, आणि मापाऱ्यानें 'लाभ, दोन, तीन' म्हणत टाकलेल्या प्रत्येक मापांत केवढा फरक! रुंद तोंडाचें माप घेण्याकरितां व अरुंद तोंडाचें देण्याकरितां, असे जोड एकाच घरांत मिळतात, याचें कारण हेंच. सूचींतील ६ व ७ क्रमांकांचीं मापटीं असा जोड आहेत, असा आमचा संशय आहे. सूचीकारांनीं त्यांस दोन भिन्न शतकांत टाकलें आहे.

शिवाय त्यांनीं मण सोळा पायल्यांचा धरला. मण कोठें बारा पायल्यांचा असे, कोठें सोळांचा. वीस मणांची खंडी पहिल्या हिशेबानें २४० पायल्यांची, दुसऱ्यानें ३२० पायल्यांची होते. या ८० पायल्यांच्या फरकांत सबंध सिद्धांत वाहून जातो. आणि एकाच गांवीं, एकाच काळीं, एकाच नांवाचीं मापें भिन्न असणें यांत अनियमितपणा कांहीं नाहीं. कौटिल्यानें द्रोण चार प्रकारचा सांगितला आहे : राजाच्या जमेचा २०० पळांचा, व्यवहाराचा १८७॥, चाकरांस वांटण्याचा १७५ व अंतःपुराच्या वांटणीचा १६२॥. ज्यास नुसताच 'द्रोण' असें लिहिलेला ताम्रपट सांपडेल त्यानें कोणता घ्यावा? अर्थात् धारणशक्ति मोजून काळ ठरविण्याची जी रीत आज संग्राहकांत रूढ होत आहे, ती पायांतच कच्ची आहे. धारणशक्ति अवश्य मोजावी, परंतु ती नोंद म्हणून. पितळी मापांत पाणी भरून मोजावें. लांकडी माप पाणी पितें, त्यास राळे किंवा मोहरी घ्यावी. काठाबरोबर एकदां व शिगेसकट एकदां, अशा दोन नोंदी असाव्या, आणि तोंडाचा व्यास लिहिल्यावांचून एकही नोंद पुरी समजूं नये.

नांवांवर विसंबणेंही असेंच धोक्याचें आहे. कोळवें या शब्दांत संस्कृत कुडव आम्हांस स्पष्ट दिसतो. परंतु लीलावतींतील कुडव हा प्रस्थाचा चौथा हिस्सा, तर आमच्याकडे दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें व दोन मापट्यांचा शेर, म्हणजे कोळवें शेराचा आठवा हिस्सा. नांव टिकलें, परिमाण सरकलें. सूचींतील ११ वा जिन्नस, लोखंडी नवटाक, याचें चांगलें उदाहरण आहे. नवटाक म्हणजे नऊ टांक, आणि बहात्तर टांकांचा शेर. हें नांव खरोखर जुनें आहे. तेवढ्यावरून वजनास 'शिवकालीन' म्हटलें आहे. सोनाराच्या कांट्यावर तें ११६ ग्रॅमांच्या वर भरलें. १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमांचा तोळा धरून दहा तोळ्यांचे ११६.६ ग्रॅम होतात, आणि दहा तोळे हा ८० तोळी शेराचा बरोबर आठवा हिस्सा. १८० ग्रेनांचा तोळा बंगाल इलाख्यांत १८३३ च्या सातव्या रेग्युलेशनानें ठरला, आणि १८३५ त कंपनीचा रुपया त्याच वजनाचा सर्वत्र चालू झाला. तेव्हांपासून तोळ्यास 'रुपयाभार' म्हणूं लागले व दुकानदारास गल्ल्यांतील रुपयानेंच वजन पडताळतां येऊं लागलें. त्यापूर्वीं शेर सांगावयाचा तो अमुक अंकुशी रुपयांचा अशा भाषेंत. या वजनाच्या बुडाशीं एक सरकारी मोहोरही पुसट दिसते. तें मुंबई इलाख्याच्या १९३२ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर तपासलेलें असण्याचा फार संभव आहे. १८७१ त एकदां किलोग्रॅमाएवढा शेर करण्याचा कायदा झाला होता, पण तो कागदावरच राहिला, तेव्हां त्याचा प्रश्न येत नाहीं. १७ व्या क्रमांकाच्या षट्कोनी लोखंडी वजनाविषयीं अधिक लिहिणें नको. तें दशमान मालेंतील, म्हणजे १९५६ चा कायदा होऊन १९५८ पासून नवीं वजनें चालू झालीं त्यानंतरचें आहे. सूचींत तें 'उत्तर पेशवाई' म्हणून आलें आहे.

मोजणीच्या साधनांपैकीं १३ वा जिन्नस लोखंडी सांखळी. ती कुळकर्ण्यांच्या घरची म्हणून 'मराठेशाहींतील' ठरविली आहे. सांखळी ३३ फूट भरते व तिचे सोळा भाग खुणांनीं दाखविले आहेत. तेहतीस फूट औरसचौरस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आणि गुंठ्याचे आणे सोळा. ही इंग्रजी सर्व्हेची सांखळी आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी इंदापूर तालुक्यांत १८३५-३६ च्या सुमारास सुरू झाली, त्यापूर्वीं ती असूं शकत नाहीं, आणि शंकुसांखळीची मोजणी आमच्या लहानपणींही चालू होती.

१४ वी लांकडी काठी अधिक विचारास लावणारी आहे. सभासदानें जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या बखरींत पांच हात पांच मुठींची, ब्यायशी तसूंची काठी सांगितली आहे. सूचीकारांची काठी ९२ इंच व वर पाव इंच आहे. मुंबईचा गज २७ इंच व २४ तसू, म्हणून तसू सव्वा इंचाला जरा कमी, म्हणजे एक इंच व एक अष्टमांश. त्यास ८२ नीं गुणिलें तर बरोबर ९२। इंच येतात. जुळणी पाहून क्षणभर आम्हीही चकित झालों. परंतु मुंबईचा हात १६ तसूंचा आहे, आणि बखरींतील हात १४ तसूंचा. दोन्ही हात माणसाचेच, सुमारें १८ इंचांचे धरले, तर बखरींतील तसू अर्थातच मोठा पडतो व काठी ८ फूट ९ इंचांच्या पुढें जाते. एका पद्धतीचा तसू घेऊन दुसऱ्या पद्धतीच्या काठीस लावला, म्हणून ही जुळणी झाली. मुंबईच्या १६ तसूंच्या हातानें ८२ तसूंचे पांच हात दोन तसू होतात, मग पांच मुठी गेल्या कोठें, हा प्रश्न सूचीकारांस पडावयास हवा होता. त्यांतून काठीच्या टोकांस बसविलेलीं पितळी टोपणें अणकुचीदार मळसूत्री स्क्रूंनीं बसविलीं आहेत. तसे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. टोपणें मागाहून बसविलीं असतील, हा बचाव खुला आहे, पण लांकडांत जुन्या खिळ्यांचीं भोकें दिसत नाहींत.

९ व्या पायलीस जुनी चिठ्ठी चिकटलेली आहे : 'आष्टी, १८१८, गोखल्यांची छावणी'. ती आमच्या स्नेह्यांनीं भारी किंमत देऊन घेतली, व गांवच्या अभिमानानें घेतली. बापू गोखले पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यांतील. आमचें आष्टें पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें, १९४९ त दक्षिण साताऱ्यांत गेलें, व १९६० त त्या जिल्ह्याचें नांव सांगली झालें. त्या लढाईशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. विकणाऱ्यानें एका मात्रेवर आपली किंमत वाढवून घेतली.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ही सर्व टिपणें वाचून दाखविलीं तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "गुरुजी, मग माझ्याकडे राहिलें तरी काय?" आम्हीं त्यांस सूचींतील २० वा जिन्नस दाखविला.

ती एक लांकडी पायली आहे. सूचींत तिच्यापुढें 'साधी, उत्तरकालीन' एवढेंच आहे, कारण तिच्यावर आंकडा नाहीं. ती कातारी चरकावर कातलेली नाहीं. वाकसाच्या घावांनीं आंतून कोरून काढलेली आहे. लोखंडी पट्ट्या ठोकून, टोंकें एकमेकांवर घेऊन खिळ्यांनीं बसविलेल्या. स्क्रू एकही नाहीं. काठ एका बाजूस अधिक झिजला आहे, म्हणजे उजव्या हातानें पुसणाऱ्या एकाच रीतीनें ती पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. त्या झिजलेल्या काठावर निदान पांच डागण्या आहेत, एकीवर एक आलेल्या, व सर्वांत खालची दोन ठिकाणीं तुटलेली. वरच्या दोन काठ झिजल्यानंतरच्या आहेत. येथें तपासण्यांचा क्रम लांकडावरच लिहिलेला आहे. तिचें वय आम्ही सांगत नाहीं. परंतु सर्व संग्रहांत पेशवाईच्या पूर्वीं जाण्याचा हक्क कोणास असेल तर तो या पायलीस आहे.

तिची मिति लागण्याचा मार्गही होता. ज्या घरांतून ती आली त्या घरीं मोडी कागदांचा एक रुमाल होता. स्नेह्यांनीं पायली घेतली. रुमाल त्याच आठवड्यांत कागद जमविणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थांनीं नेला, व घरच्या मंडळींस त्यांचें नांव आठवत नाहीं. त्या रुमालांत बटछपाईची पट्टी भरल्याची एखादी याद, किंवा घरच्या पायलीचा बाजारच्या पायलीशीं केलेला मेळ, असणें अगदीं शक्य आहे. रुमालास तांबड्या खारव्याचें वेष्टन असून त्यावर शाईनें 'गल्ला कैली' अशीं अक्षरें होतीं, असें घरच्या वृद्ध बाई सांगतात. प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं असा रुमाल असल्यास त्यांनीं संपादकांमार्फत कळवावें. पायलीवरील डागण्यांचे ठसे आम्हीं कागदावर उतरून ठेविले आहेत, ते ताबडतोब पाठवूं.